तुझ्या मयतीला शाळा बंद होती

मन्मथ, तुला मरायला दुसरा दिवस सापडला नाही का रे?

उद्या साहेब पोरं मोजायला येणार, हे साऱ्या वाडीत सगळ्यात आधी तुलाच कळलं होतं. तूच मला नांदेडला फोन केलास. "उत्त्या, उद्या मोजणी हाय शाळेची. समदी पोरं न्हाऊन-माखून येळेवर बसवतो बघ. तू बी ये." आवाज दमलेला वाटला म्हणून मी विचारलं, तर म्हणालास, छातीत जळजळ होऊन राहिली, सोडा पिलो. स्वतःच्याच दुकानातली बाटली फोडलीस आणि गल्ल्यावर बसून राहिलास. जळकोटला दवाखाना आहे, उदगीरला मोठा आहे, सरपंचाची जीप चोवीस तास दारात उभी असते. पण तुला दुसऱ्या दिवसाची घाई. दिवेलागणीला वहिनी चहा घेऊन आली तेव्हा तू गल्ल्यावर डोकं टेकून बसला होतास. तिला आधी वाटलं, डुलकी लागली.

रात्री निरोप मिळाला आणि मी सकाळच्या एसटीनं मुखेडवरून आलो. फाट्यावर उतरून चालत निघालं की आपली शाळा आधी लागते आणि वाडी नंतर. एक खोली, वर पत्रे, पहिली ते चौथी आणि चारही वर्गांना मिळून एक बाई. पट कमी म्हणून अशा शाळा मिटवायच्या आणि पोरं मोठ्या गावच्या शाळेत पाठवायची, असं वरून ठरत चाललंय. आपल्या खोलीवरही तीच पाळी आली होती. तू घरोघर फिरून, कुणाच्या हातापाया पडून, कुणाची उधारी विसरून पट जमवत आणला होतास. त्या दिवशी फक्त पोरांनी वर्गात बसायचं होतं आणि साहेबानं ती मोजायची होती. एवढंच काम उरलं होतं.

शाळेला कुलूप होतं. खिडकीच्या गजांतून पाहिलं, तर फळ्यावर रंगीत खडूनं 'सुस्वागतम्' लिहिलेलं होतं आणि चार भिंतींना चार सतरंज्या अंथरून ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी तूच अंथरल्या असणार.

तुला ओसरीवर बसवलं होतं. तुम्हा लिंगायतांत मयत निजवत नाहीत, बसवतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तुझ्या आज्याला असंच बसवलेलं मी पाहिलंय. पण तुला पाहिल्यावर ते ठाऊक असणं काही कामाला आलं नाही. पाठ भिंतीला, कपाळभर विभूती, गळ्यात बेलाची माळ, तळहातावर इष्टलिंग. माझ्या बापाला आम्ही निजवून नेलं, तेव्हा तो गेल्यासारखा दिसला तरी. तू बसलेला होतास. हाक मारली तर 'काय बे' म्हणशील असं वाटत होतं, आणि त्यामुळं राग आणखी चढला. बायका रडत होत्या. मी समोर उभा राहून तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्या इथं लिहीत नाही, तुझी नातवंडं वाचतील.

शाळेच्या मीराबाई ओसरीच्या पायरीशी उभ्या होत्या. मुदखेडची पोरगी, नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या सरपंचाला हळू आवाजात विनवत होत्या.

"तासाभरासाठी उघडू द्या. साहेब आले की मोजून जातील. मी ऑफिसला फोन केला होता, तारीख बदलत नाही म्हणाले."

"म्याडम, गावात मयत हाय," सरपंच म्हणाला. "कुणाच्या घरी चूल पेटली न्हाई अन् तुमची घंटा वाजणार व्हय? मन्मथअप्पा म्हंजी काय ऐरागैरा मानूस हुता?"

"पण अप्पांनीच तर..."

"ईना का साहेब. त्यांला बी काळीज हाय. सांगू की, अख्खं गाव मयतीला हाय म्हून."

माना डोलल्या. खरंच आहे, वाडीत कुणी गेलं की शाळा भरत नाही, आपण लहान होतो तेव्हापासून. मारुतीच्या देवळाचा पुजारी गेला तेव्हा आपल्याला सुट्टी मिळाली होती आणि आपण दोघं आनंदानं बोरं पाडायला गेलो होतो. माणूस जेवढा जवळचा, तेवढी सुट्टी पक्की. तुझ्यासाठी तर गिरणीसुद्धा बंद होती. मी म्हणालो, "अरे, मन्मथ असता तर त्यानं आधी घंटा दिली असती." मागून कुणीतरी म्हणालं, "काका, ही येळ हाय का हे बोलायची?" खांद्यावरची पिशवीही मी अजून खाली ठेवली नव्हती. नांदेडहून आलेल्या माणसानं गावाला रीत शिकवायची नसते, हे त्यांनी मला न सांगता सांगितलं.

तुझं विमान उचललं. झेंडूच्या फुलांनी मढवलेली पालखीच ती, त्यात तू मांडी घालून बसलेला. पुढं भजन, टाळ, जंगम महाराज, आणि सगळ्यांच्या पुढं शाळेची पोरं. गणवेशात! मोजणीसाठी आयांनी आदल्या दिवशी धुऊन वाळवलेलेच कपडे अंगावर होते. समाधी तुमच्या मळ्यात, आणि त्या मळ्याची वाट शाळेवरून जाते. आम्ही शाळेपाशी पोचलो आणि समोरून साहेबांची गाडी आली.

साहेब उतरले. तुला हात जोडले, तेवढी रीत त्यांनी पाळली. मग कुलपाकडं पाहिलं. मीराबाई गर्दीतून वाट काढत धावल्या.

"सर, विद्यार्थी इथंच आहेत. हे बघा, सगळे गणवेशात आहेत. मी एकेकाचं नाव सांगते, तुम्ही मोजा."

"मॅडम, पोरं वर्गात मोजायची असतात. रस्त्यावर नाही."

"मयत आहे सर."

"ते मला दिसतंय. मी काय लिहू ते सांगा. शाळेला कुलूप आहे की नाही?"

बाई 'आहे' म्हणाल्या. साहेबांनी लिहून घेतलं. गाडी वळवायला जागा नव्हती, कारण वाटेवर आपण सगळे होतो. तुझं विमान पुढं जाईस्तोवर ती गाडी बाजूला थांबून राहिली, आणि मग गेली.

त्या साहेबावर मला धड चिडताही येत नाही. कुलूप पाहिलं, कुलूप लिहिलं. पण डोळ्यांदेखत पोरं चालत होती रे! एखाद्यानं बोट उचलून मोजली असती तर त्याचं काय गेलं असतं? आणि आपली माणसं! एरवी पोराला ताप आला की शेजारणीचं पोर नेऊन बसवतील, साहेबाला धपाटे नि ठेचा खाऊ घालतील, काय काय हिकमती करतील. आणि नेमक्या त्या दिवशी सगळ्यांना रीत आठवली. तुझ्यावरच्या मायेपोटी त्यांनी तुझी शाळा बुडवली. तुझ्या वैऱ्यालाही हे जमलं नसतं.

ही खोली कशी उभी राहिली, हे त्या सरपंचाला माहीत नाही. माहीत करून घ्यायची तसदी त्यानं घेतली नाही. तुला माहीत होतं, मला माहीत आहे, आणि आपलं त्यावरून भांडण होतं.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली, तेव्हा आपल्या वाडीत पहिले गुरुजी आले. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. तुमची पोरं सभामंडपात बसायची आणि आमची खाली पायऱ्यांवर. माझा बाप तिथंच शिकला, उन्हात. त्याला पाटीवरची अक्षरं यायची, फळ्यावरची दिसायची नाहीत. त्या गुरुजींनी एक दिवस सांगितलं, अर्धा वर्ग उन्हात बसणार असेल तर मी बदली मागतो. मग खटाटोप सुरू झाला. गाव आणि आमची वस्ती यांच्या मधला माळाचा तुकडा तुझ्या आज्यानं दिला. दगड माझ्या आज्यानं आणि वस्तीतल्या माणसांनी फोडले. तुझा आजा त्यानंतर बरीच वर्षं 'दानशूर' होता आणि माझ्या आज्याचं नाव कुणी घेतलं नाही. दार कुणाकडं करायचं यावरून पुन्हा भांडण. गाव म्हणे गावाकडं, वस्ती म्हणे वस्तीकडं. शेवटी गुरुजींनी ते दोघांकडं न करता शेतांकडं केलं. म्हणून आपल्या शाळेत जायला गावालाही वळसा पडतो आणि वस्तीलाही.

आणि खोली एक, वर्ग चार. मग एकेका वर्गाला एकेक भिंत. पहिली मागच्या भिंतीकडं तोंड करून, दुसरी वस्तीच्या बाजूला, तिसरी गावाच्या बाजूला आणि चौथी दाराकडं. गुरुजी मधे उभे राहून आळीपाळीनं वळायचे. पास झालं की पोरगं सतरंजीवरून उठून पुढच्या भिंतीला बसायचं. वाडीत अजून कुणी 'पास झाला का' विचारत नाही, 'भिंत बदलली का' असंच विचारतात. मी पहिलीला भिंतीकडं तोंड करून बाराखडी गिरवायचो आणि पाठीमागून चौथीचा भूगोल कानावर यायचा. गोदावरी कुठं उगम पावते हे मला स्वतःचं नाव लिहिता येण्याआधी पाठ होतं. पुढं तिच्याच काठच्या शहरात नोकरी केली, रेल्वेत, आणि कुणी विचारलं की कोणत्या शाळेत शिकलात, तर मी सांगायचो, एका खोलीत चार शाळा होत्या आमच्या.

तू दुसरीच्या भिंतीला दोन वर्षं बसलास, म्हणून आपण एका वर्गात आलो. तू जन्मभर सांगत राहिलास, "उत्त्यासाठी थांबलो मी." खोटं! पावकी-निमकीचे पाढे तुला बापजन्मी आले नसते म्हणून बसवला होता तुला. दुकानात गिऱ्हाइकाला पाव किलो शेंगदाण्याचा हिशेब करताना तू बोटं मोजायचास, मी पाहिलंय. तू हसून म्हणायचास, "हिशोब येत न्हाई म्हून तर गिऱ्हाईक टिकून हाय." पण पाचवीला मोठ्या गावात गेलो, तिथं मला मागं बसवलं, तेव्हा तू आपलं दप्तर उचलून माझ्याशेजारी येऊन बसलास. कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी विचारलं तर म्हणालास, "मला हितून चांगलं दिसतंय." फळा तुला तिथून काडीचा दिसत नव्हता. तुझी नजर तेव्हाही अधू होती. त्याबद्दल मी तुला कधी दोन चांगले शब्द बोललो नाही, कारण आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती. आज बोलतोय तर तू ऐकायला नाहीस, आणि याचाही मला राग येतोय.

तरी आपलं भांडण राहिलंच. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर शाळेचा इतिहास रंगवून घ्यायचा, असं तुझ्या डोक्यात आलं. लिहायचा मी. मी लिहून पाठवला. त्यात देवळाच्या पायऱ्या होत्या, उन्हात बसलेला माझा बाप होता, शाळेतला रांजण होता. खोली एक झाली, पण रांजण कुठं एक झाला? आम्ही ओंजळ धरायची आणि कुणीतरी वरून ओतायचं. तू मला ओतायचास.

तुझा फोन आला. "हे कशाला लिव्हायचं आता? पोरं वाचतील. समदे एका खोलीत शिकलो, ते लिही की."

"शिकलो की. तहान लागल्यावर काय झालं तेही लिहितोय."

"मी तर हसत हसत ओतायचो ना रे तुला."

"तू हसत ओतायचास, पण मला हातानं घेता येत नव्हतं. तुला अजून यातला फरक कळत नाही का?"

तू फोन ठेवलास. मग पोळा गेला, दसरा गेला, आपण बोललो नाही. त्यानंतरचा फोन एकदम मोजणीचा. त्यातही मी विचारलं होतं, 'भिंतीवरच्या मजकुराचं काय करायचं?' तू म्हणालास, "तू ये तर, मग बघू." आता काय बघू? तू कबूल झाला होतास की नव्हतास, हे मला कोण सांगणार? मी तुझ्या वतीनं हो म्हणून घेणार नाही. तेवढा अप्रामाणिक मी नाही. भांडण अर्धवट टाकून उठायची तुझी सवय जुनीच होती.

तिसऱ्या दिवशी देवळापुढं शोकसभा झाली. शाळा तोवर बंदच. दोन घरांनी तर पिवळ्या गाडीवाल्याला विचारूनही ठेवलं होतं, ती गाडी इंग्रजी शाळेला पोरं नेते. सरपंचाची नातवंडं तिच्यातूनच जातात. तो उभा राहिला, गळा भरून आणला आणि म्हणाला, "शाळा आता काय राहत न्हाई, हे तुमी-आमी समदे जाणून हाव. पर खोली मोकळी पडू देयाची न्हाई. तिथं सभागृह करू आन् अप्पाचं नाव देऊ. मोठी पाटी लावू." टाळ्या पडल्या, मन्मथ! शोकसभेत टाळ्या! तू ज्यांच्या दारी पोरांसाठी हात जोडत फिरलास, तेच टाळ्या वाजवत होते. मग बालमित्र म्हणून मला दोन शब्द बोलायला उभं केलं.

मी काही बोलायच्या आत बायकांत गंगावहिनी उठून उभी राहिली. मळवट पुसलेला, डोळे सुजलेले. तिनं घराबाहेर पडणं हेच पुष्कळांना रुचलं नव्हतं. ती जंगम महाराजांकडं वळली.

"म्हाराज, एक विचारू? आपल्यात सुतक असतंय का?"

महाराज जरा गडबडले. "न्हाई बाई. गळ्यात लिंग असलं की सुतक न्हाई."

"मंग माझ्या मालकाच्या नावानं शाळेला कुलूप कुणी लावलं?"

सरपंच म्हणाला, "वैनी, मानापायी..."

"मान?" ती म्हणाली. "माझा सासरा गेला तवा ह्यांनी दुसऱ्या दिशी दुकान उघडलं हुतं. लोकाला मीठ-मिरची लागती म्हनले. आन् तुमी लेकराची शाळा बंद ठिवली? ह्यांच्या नावाची पाटी लावली तर मी कुऱ्हाडीनं फोडून काढीन. पाटी नगं मला. उद्या सकाळी पोरं पायजेत. ज्याला ह्यांचं काय वाटत असंल त्यानं पोरगं आनून बसवायचं. ज्याला वाटत नसंल त्यानं माझ्या दारात रडायला येऊ नगं."

ती बसली. मला बोलायला काही शिल्लक ठेवलं नव्हतं तिनं. मी म्हणालो, "वहिनी म्हणते तसं," आणि खाली बसलो. चाळीस वर्षं तू गावापुढं भाषणं केलीस, पण असं तुला कधी बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आणि मी शाळेत गेलो. मीराबाई आधीच आल्या होत्या. कुलूप काढलं. वहिनी दारात उभी राहून पोरांच्या नावानं हाका मारत होती. आधी वस्तीतून आली, मग गावातून. वळसा घालून, कुरकुरत, काही आयांनी बखोटीला धरून आणलेली. पिवळ्या गाडीवाल्याशी बोलून ठेवलेल्या दोन घरांपैकी एका घरचं आलं, एका घरचं आलं नाही. सरपंचाच्या घरचं अर्थातच कुणी आलं नाही. पोरं आपापल्या भिंतीला बसली आणि बाईंनी हजेरी घेतली. त्या दिवशी मोजायला कुणी येणार नव्हतं.

फेरमोजणी व्हावी म्हणून बाईंनी अर्ज दिलाय. मी जळकोटला जाऊन साहेबांना भेटलो, जरा चढ्या आवाजात बोललो, रेल्वेत शिकलेलं सगळं ऑफिसचं मराठी वापरलं. ते 'बघू' म्हणाले. तूही 'बघू'च म्हणाला होतास, म्हणून त्या शब्दावर माझा विश्वास राहिलेला नाही. शाळा टिकेल की जाईल, मला माहीत नाही. टिकली तर मी बाहेरच्या भिंतीवर इतिहास रंगवून घेणार आहे, पायऱ्यांसकट आणि रांजणासकट. तुला पटलेलं नसेल तर भांडायला यायचं होतंस.

आणि एक ऐकून ठेव. निघताना मीराबाईंनी वहिनीला विचारलं, पुढच्या वर्षी अप्पांच्या पुण्यस्मरणाला काय करायचं. वहिनी म्हणाली, घंटा वेळेवर द्यायची, पोरं बसवायची आणि पाढे घ्यायचे. कीर्तन, पंगत काय असेल ते शाळा सुटल्यावर. गावानं किती का आग्रह करेना, मन्मथ, तुझ्या नावानं या शाळेला पुन्हा सुट्टी मिळणार नाही.